जस्ताला काहीच होत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि सागरतीर शिक्षण मंडळाचे कार्याध्यक्ष श्री. दौलतराव सामंत, प्रमुख पाहुणे, उद्योजक श्री. हितेंद्रभाई मेहता, प्राचार्य डॉ. मनाली खोत, आजच्या सत्कारमूर्ती आणि पदार्थविज्ञान विभागातून आज निवृत्त होत असलेल्या प्राध्यापक डॉ. अनुजा देऊलकर; व्यासपीठावरच्या ज्यांची नावं माझ्याकडून राहिली ते सगळे मान्यवर; समोर बसलेले प्राध्यापक, शिक्षकेतर बंधू-भगिनी, आजी-माजी विद्यार्थी; आणि मागच्या दारापाशी उभं राहून बटाटेवडे कधी सुटतात याचा अंदाज घेणारे मित्रहो, सर्वांना माझा नमस्कार.

मी अभय नेरुरकर. दोन वर्षांपूर्वीपर्यंत याच कॉलेजात मराठी शिकवत होतो. हल्ली फणसवाडीत घरी बसून पेपर वाचतो आणि बायकोच्या कामात लुडबुड करतो. पदार्थविज्ञानाच्या बाईंच्या निरोपाला मराठीचा मास्तर कशाला, असा प्रश्न नव्या मंडळींना पडला असेल. तर आमच्याकडे मानपत्र वाचायचं काम परंपरेनं मराठी विभागाकडे असतं. आवाज बरा लागतो आणि 'ज्ञ', 'क्ष' अडखळत नाहीत, एवढ्या भांडवलावर मी आयुष्यभर इथं मानपत्रं वाचत आलो. बरीचशी लिहिलीही मीच. त्या सगळ्यांत 'अजातशत्रू' हा शब्द आहे. उद्या कोणी या कॉलेजचा इतिहास लिहायला घेतला, तर इथं कोणाचं कोणाशी कधी वाजलंच नाही असं त्याला वाटेल. स्टाफरूममध्ये बसलेल्यांना खरं काय ते ठाऊक आहे.

आजचं मानपत्र मात्र मी लिहिलेलं नाही. सत्कार समितीनं ते कॉलेजच्या वेबसाइटवरून मजकूर घेऊन करवून घेतलं, आणि काल दुपारी चंदनी रंगाच्या फ्रेममध्ये, काच बसवून, माझ्या हातात दिलं. त्यात चार परिच्छेद आहेत. पहिला मॅडमच्या गिरगावातल्या बालपणाचा आणि माटुंग्यातल्या शिक्षणाचा. दुसरा त्यांच्या शिकवण्याचा. चौथा दीर्घायुरारोग्याचा. हे तिन्ही मी आनंदानं वाचीन. तिसरा परिच्छेद मी वाचणार नाही.

दौलतराव, घाबरू नका. मी भांडायला आलेलो नाही. न वाचण्याचं कारण सांगायला थोडा वेळ लागेल, तो मात्र घेणार आहे. आणि वेळ माझ्याकडे आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझ्यानंतर 'सत्कारमूर्तींचे मनोगत' आहे, पाहा. मॅडम मनोगत बोलणार नाहीत. तो वेळ त्यांनी मला दिला आहे. त्या तिथं बसल्या आहेत, विचारून घ्या. बघा, मान हलवली.

तिसऱ्या परिच्छेदातलं मुख्य वाक्य निमंत्रणपत्रिकेच्या मागेही छापलंय, त्यामुळे ते तुमच्या डोळ्यांखालून गेलं असेलच. 'प्रचंड दाबाखाली जस्ताच्या अणूंची कंपने एका टप्प्यावर अचानक मंदावतात, हा जगाने मान्य केलेला शोध लावून मॅडमनी आपल्या मंडळाचे नाव सातासमुद्रापार नेले.' भाषेत खोट काढावी असं काही नाही. अडचण एवढीच आहे की तो शोध चुकीचा होता. आणि तो चुकीचा होता हे जगाला मॅडमनीच कळवलं. ज्या जर्नलमध्ये तो छापला होता त्याच जर्नलमध्ये, स्वतःच्या सहीनं, करोनाच्या आदल्या वर्षी. आमच्या वेबसाइटला तेवढं कोणी कळवलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, नेरुरकर सर, तुम्हाला जस्तातलं काय कळतं? काही कळत नव्हतं. जे कळलं ते मॅडमच्या प्रयोगशाळेत चहा पिताना. तळमजल्यावरची ती खोली उन्हाळ्यात सगळ्यांत गार, म्हणून मी तिथं जाऊन बसायचो. मॅडम माणसाला फुकट बसू देत नाहीत. शिकवतात.

जस्ताचा तुकडा आपल्याला निर्जीव वाटतो. त्याच्या आत अणू ओळीनं, थरांवर थर रचून शिस्तीत बसलेले असतात. बसलेले असं आपण म्हणायचं. ते सतत कंप पावत असतात, आत्ता या टेबलाच्या खिळ्यांतलेही. धातूला दाबलं की अणू जवळ येतात आणि कंपनं जलद होतात. तबल्याची वादी ताणली की सूर चढतो, तसंच. हे ऐकायचं कसं? मुठीत मावेल असं एक पोलादी यंत्र आहे, त्याला सेल म्हणतात. त्यात दोन हिरे, टोकाला टोक भिडवून. मधे पत्र्याची चकती, चकतीला केसाएवढं भोक, भोकात जस्ताचा कण. कणाभोवती अल्कोहोलचा थेंब. मग स्क्रू आवळत न्यायचे. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली जो दाब असतो तो आमच्या परळमध्ये, चहाच्या कपाशेजारी, तयार व्हायचा. हिऱ्यातून लेझरचा किरण आत सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किती बदलला ते बघून कंपन ओळखायचं.

मी विचारलं होतं, थेंब कशाला? मॅडम म्हणाल्या, "सगळ्या बाजूंनी सारखा दाब पडावा म्हणून. नुसते हिरे वरून-खालून दाबतील. थेंब सगळीकडून दाबतो." हा थेंब लक्षात असू द्या.

तर विशीतली पोरं नव्या सहस्रकाच्या गप्पा मारत होती त्या काळात मॅडमना एक गोष्ट दिसली. दाब वाढवत नेला की कंपन चढत जातं, चढत जातं, आणि एका ठिकाणी उतरतं. थोडंसंच. मग पुन्हा चढतं. धातू तिथं काही क्षण मऊ पडतो, त्याच्या आत काहीतरी बदलतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. पेपर छापून आला, परदेशात बोलावणी झाली, मोठा प्रकल्प मिळाला, नवं लेझर आलं. या कॉलेजात पीएच.डी.चं केंद्र आलं ते त्या उताराच्या जिवावर. लालबागच्या मिरवणुकीच्या दिवशी मॅडम प्रयोगशाळा बंद ठेवायच्या, कारण ढोलांनी लेझरचा ठिपका कणावरून सरकायचा. त्या दिवशी आम्ही दोघं वर गच्चीत जाऊन विसर्जन बघायचो. बरे दिवस होते.

मला चिठ्ठी आली आहे. 'कृपया आटोपते घ्यावे.' घेतो.

मग राजरत्न आला. राजरत्न गमरे. तुमच्यातल्या पुष्कळांना त्याचं नाव माहीत नसेल, म्हणून नीट सांगतो. इथंच मागं, परळच्या चाळीतला मुलगा. वडील गुणाजी गमरे गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमन झाले. राजरत्ननं बी.एस्सी. इथं केलं, एम.एस्सी. इथं केलं आणि मॅडमकडे पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय तोच, तो उतार. त्याच उताराचा पुढचा अभ्यास. कमी बोलायचा. माझ्याकडून कवितांची पुस्तकं न्यायचा आणि परत आणून द्यायचा, हे मराठी विभागाच्या अनुभवात दुर्मीळ आहे.

एका दुपारी मी त्या खोलीत बसलेलो असताना तो आत आला आणि उभाच राहिला. मॅडम म्हणाल्या, "बोल ना रे."

"मॅडम, तो उतार जस्ताचा नाहीये."

"मग कोणाचा आहे?"

"थेंबाचा. तेवढ्या दाबाला थेंब घट्ट होतो, आणि मग इकडून जास्त दाबतो, तिकडून कमी. आपण त्यालाच जस्त समजलो."

शेजारच्या गिरणीच्या जागेवर तेव्हा टॉवरचं पायलिंग चालू होतं. कपातला चहा हलायचा. मॅडम म्हणाल्या, "पायलिंगमुळे नसेल कशावरून?"

"रविवारी पण घेतलं, मॅडम. काम बंद असताना. सेमच येतं. आणि थेंबाऐवजी बाहेरून हेलियम भरून आणला ना सेलमध्ये, त्यात उतार येतच नाही. सरळ वर जातं."

"पुन्हा घे."

"पुन्हा पुन्हा घेतलंय, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, लावला. म्हणाल्या, "मग आता मी घेते."

मला तेव्हा नीट कळलं नाही. नंतर त्यांनी समजावलं. पाण्यात बुडालेल्या माणसाला पाणी सगळीकडून सारखं दाबतं. त्याच पाण्याचा बर्फ झाला तर कुठं टोचेल, कुठं पोकळी राहील. थेंबाचं तसं झालं होतं. तो थिजत होता आणि जस्तावर वेडावाकडा रेटा देत होता, आणि हिऱ्याच्या खिडकीतून बघणाऱ्या हुशार माणसांना वाटत होतं की धातू आपलं गुपित सांगतोय. ही चूक अडाण्याकडून होत नाही. ती करायला चांगली प्रयोगशाळा लागते आणि उत्तराची ओढ लागते. जगात इतर ठिकाणीही अशा चुका झाल्या आहेत, होतात, असं मॅडम म्हणतात. पण त्यांनी ते स्वतःच्या बचावासाठी कधी वापरलं नाही.

मॅडमनी सगळी मापं नव्यानं घेतली. एकट्यानं. राजरत्नला त्या दिवसांत खोलीत येऊ दिलं नाही, 'तुझ्यामुळे मला तसं दिसतंय असं कोणी म्हणायला नको' म्हणून. संपल्यावर कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसल्या. चहा मागवला. मी विचारलं, काय? म्हणाल्या, "पोराचं बरोबर आहे. जस्ताला काहीच होत नाही." मग म्हणाल्या, "बरं झालं, मी असताना कळलं. मेल्यावर कळलं असतं तर दुरुस्त कोणी केलं असतं?"

त्या वेळचे प्राचार्य आता इथं नाहीत, त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी मॅडमना सुचवलं की कॉलेजच्या मूल्यांकनाची समिती येऊन जाऊ दे, मग काय ते जाहीर करा. मॅडमनी त्याच आठवड्यात जर्नलला कळवून टाकलं. पेपर मागं घेतला. प्रकल्प त्या उताराच्या नावानं मंजूर झाला होता, तो बंद पडला. परदेशातली बोलावणी थांबली. हे सगळं मॅडमनी गृहीत धरलं होतं आणि त्याबद्दल त्या माझ्याशी कधी कुरकुरल्या नाहीत.

जे गृहीत धरलं नव्हतं ते राजरत्नचं.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. चूक माझी, ती शोधली त्यानं. हेच त्याचं संशोधन. प्रबंधाचं नाव बदला आणि सादर करू द्या. संशोधन समितीनं विचारलं, यात नवीन काय सापडलं? मॅडम म्हणाल्या, काहीही घडत नाही हे सापडलं. समितीचं म्हणणं पडलं की काही न घडणं हा काही शोध होत नाही. मुदतवाढ मागितली, मिळाली नाही. फेलोशिप प्रकल्पाबरोबरच गेली होती. त्यातच गुणाजी गेले. नोंदणी संपली. त्या समितीतले एक सदस्य आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. मी त्यांच्याकडे बघत नाही, म्हणजे तुम्हीही बघायची गरज नाही.

आणि स्टाफरूममध्ये काय बोललं गेलं? गुरूवर उलटला, असं बोललं गेलं. बाईंनी हाताला धरून वर आणला आणि त्यांच्याच अंगणात खड्डा खणला. त्यापुढंही एक वाक्य असायचं, 'अशांना' या शब्दानं सुरू होणारं. ते मी इथून म्हणणार नाही. ते मी ऐकलं, तुमच्यातल्या अनेकांनी ऐकलं आणि राजरत्ननंही ऐकलं, कारण तो दारात उभा होता. मला त्या दिवशी वाईट वाटलं, आणि आज त्याहून जास्त वाटतं. ज्या बाईंच्या अंगणात म्हणे खड्डा खणला, त्या समितीपुढं जाऊन त्याच्यासाठी भांडत होत्या. आणि ज्यांचं एक कौलही फुटलं नव्हतं ते कळवळत होते. माझा राग अजून गेलेला नाही. निरोपाच्या भाषणात राग आणू नये हा संकेत मी इतरांना शिकवलेला आहे, तरी सांगतो.

राजरत्न आता दादरला एका क्लासमध्ये शिकवतो. चांगलं शिकवतो म्हणे. गेल्या आठवड्यात मी त्याला फोन केला. म्हटलं, मॅडमचा निरोप आहे रे, ये. तो म्हणाला, "सर, मॅडमवर माझा राग नाही. खरंच नाही. पण मी बसू कुठे? पाहुण्यांत की माजी विद्यार्थ्यांत? कोणी विचारलं काय करतोस, तर काय सांगू?" मी म्हटलं, माझ्याशेजारी बस. तो हसला आणि म्हणाला, त्या वेळी बॅच असते सर, साध्या आवर्त गतीचा धडा चालू आहे. म्हणजे आत्ता, मी इथं बोलतोय तेव्हा, तो तिथं पोरांना कंपनंच शिकवतोय.

मी या भाषणासाठी एक सुंदर वाक्य लिहून आणलं होतं. दाब काढला की धातू पूर्वीसारखा होतो, माणूस होत नाही. काल संध्याकाळी मॅडमना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "खोडा हे. सगळे धातू पूर्वीसारखे होत नाहीत. काही तसेच राहतात. कोणता धातू ते आधी विचारायला हवं." मी खोडलं. हे वाक्य गेल्याचं मला थोडं दुःख आहे, पण बाईंना निरोप देताना बाईंनाच न पटणारं वाक्य कसं म्हणणार?

काल संध्याकाळी आम्ही त्याच खोलीत होतो. सामान खोक्यांत भरलेलं. सोमवारपासून त्या खोलीचं इनोव्हेशन सेंटर होणार आहे, हितेंद्रभाईंच्या उदार देणगीतून, त्याबद्दल त्यांचे आभार मानायचं काम माझ्याकडे नाही, ते पुढचे वक्ते करतील. लेझर दुसऱ्या संस्थेला गेलं. हिऱ्यांचं ते यंत्र टेबलावर होतं. मॅडमनी किल्लीनं स्क्रू सैल केले, सवयीप्रमाणे, समोरासमोरचे दोन-दोन. आतला जस्ताचा कण काढला. तो दिसतही नव्हता. मी काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून म्हटलं, मॅडम, मानपत्र नाकारा. सरळ नाही म्हणून सांगा.

त्या म्हणाल्या, "नाकारलं तर माझं नाटक होईल आणि दौलतरावांना वाईट वाटेल. त्यांनी मनापासून केलंय. फ्रेम मी घेईन. फक्त तो तिसरा परिच्छेद माझ्या कानांवर घालू नका. आणि नेरुरकर सर, माझ्या मनोगताचा वेळ तुम्ही घ्या. त्या वेळात त्याचा व्हायवा घ्या."

मला वाटलं, मी चुकून काही ऐकलं. "कोणाचा?"

"राजरत्नचा. त्याचा व्हायवा झालाच नाही. चार माणसांसमोर आपलं म्हणणं मांडायचं, आणि कोणीतरी विचारायचं, कोणाला काही शंका? ते त्याला कोणी विचारलंच नाही हो. मला तो निरोप नको, मला हे हवंय."

दुसरी चिठ्ठी आली. 'तिसरा परिच्छेद वाचावा, अध्यक्षांची इच्छा आहे.' दौलतराव, तुमच्या इच्छेचा मी एरवी अनादर केलेला नाही. आज माझ्या हातात मॅडमची इच्छा आधी आली.

तर नव्या लोकांना सांगतो. पीएच.डी.च्या शेवटी खुली मौखिक परीक्षा असते. उमेदवार निष्कर्ष मांडतो. सभागृहातल्या कोणालाही प्रश्न विचारता येतो. प्रश्न संपले की मार्गदर्शक उभे राहून आपलं समाधान झालं असं सांगतात. उमेदवार गैरहजर आहे, म्हणून निष्कर्ष मी मांडतो. तीन ओळींचा आहे. मॅडमनी तपासून दिला आहे, माझ्या पदरचं त्यात काही नाही.

राजरत्न गुणाजी गमरे यांचा निष्कर्ष असा. जस्ताच्या कणावर सगळीकडून सारखा दाब पडेल अशी काळजी घेतली, तर अणूंची कंपनं दाबाबरोबर एकसारखी वाढत जातात. मध्ये कुठंही उतार येत नाही. पूर्वी दिसलेला उतार भोवतालचं द्रव्य घट्ट झाल्यामुळे दिसला होता, त्याचा जस्ताशी संबंध नाही.

एवढंच. कोणाला काही शंका?

वाट बघतो. घाई नाही.

पदार्थविज्ञान विभाग? समिती? पाहुणे? मागचे?

नाही. कोणीही नाही. मॅडम उभ्या राहिल्या आहेत. मार्गदर्शकानं उभं राहायचं असतं, त्याप्रमाणे. बाकीच्यांनी बसून राहावं, टाळ्या वाजवू नयेत, ही परीक्षा आहे. आणि कृपा करून कोणी त्याला 'डॉक्टर' म्हणू नका. तो अधिकार मला नाही, मॅडमना नाही, या सभागृहालाही नाही. तो ज्यांना होता त्यांनी वापरला नाही.

बसा, मॅडम.

सभागृहातून प्रश्न आला नाही, पण एक प्रश्न माझ्याकडे आहे. तो माझा नाही. परवा संध्याकाळी निमंत्रणपत्रिका द्यायला मी राजरत्नच्या घरी गेलो होतो. तो क्लासवर होता. त्याच्या आई मीराबाई घरी होत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. पत्रिका हातात घेऊन उलटी केली आणि मागचं ते वाक्य बोटानं हळूहळू वाचलं. त्या सातवीपर्यंत शिकल्या आहेत, वाचायला आवडतं त्यांना. मग म्हणाल्या, "सर, ह्ये तर राजूनं चूक म्हनून दाखवलं होतं ना?"

मी म्हटलं, हो.

"म्हंजी पोराचं बरोबर होतं?"

म्हटलं, बरोबरच होतं. बाईंनीही लिहून दिलंय.

"मग बरोबर आसून तो नापास कसा झाला? आनि ज्ये चूक हाय त्ये तुमी अजून छापताय कसं?"

मी जन्मभर शब्दांवर पोट भरलं. दुसऱ्यांच्या तोंडी शोभतील अशी वाक्यं ढीगभर लिहून दिली. त्या बाईंना द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. त्यांनी चहा केला, मी तो घेतला आणि उठलो. त्यांनी दारापर्यंत येऊन पत्रिका परत माझ्या हातात दिली. रागानं नाही. म्हणाल्या, "ही ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. त्यानं पाह्यली तर रात्रभर झोपायचा नाय."

मी पहिला, दुसरा आणि चौथा परिच्छेद आता वाचणार आहे, मग फ्रेम अध्यक्षांच्या हस्ते मॅडमना दिली जाईल. मॅडम, तुमच्याबरोबर काम केल्याचा मला अभिमान आहे, आणि उद्यापासून त्या गार खोलीत जाऊन बसायला कोणी नाही याचं दुःख आहे. अजातशत्रू तुम्ही नव्हता, बरं झालं.

अध्यक्षांनी मला मध्येच बसवलं नाही, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. संयोजकांचे आभार, चिठ्ठ्या आणून देणाऱ्याचेही. बोलण्याच्या भरात मानमरातबात काही उणं राहिलं असेल, कोणाचं नाव चुकलं असेल, कोणाला लागलं असेल, तर म्हातारा मास्तर म्हणून पदरात घ्या. जे मुद्दाम वाचलं नाही, त्याची क्षमा मी मागत नाही.

मीराबाईंना मी सांगून आलोय की उद्या परत येतो. वडे खाऊन निघताना तुमच्यापैकी कोणीही मला दारात गाठा आणि एवढंच सांगा, की त्यांना काय उत्तर देऊ.